दुसरा कान

गोमाजी नाखव्याच्या बापाची होडी सध्या माजिवड्याला, हायवेला लागून असलेल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर उभी आहे. संध्याकाळी तिच्यात बर्फाचा चुरा ओततात, त्यावर पापलेटं आणि कोळंबी मांडतात, काठाला रंगीत दिव्यांची माळ सोडतात, आणि लोक बोट दाखवून आपापला मासा निवडतात. हे झालेलं आहे. पण गोमाजी ते झालेलंच नाही असं धरून चालतो, आणि गोष्ट त्याची असल्यामुळे आपल्यालाही तसंच धरून चाललं पाहिजे. तेव्हा होडी अजून ठाण्यात चेंदणीच्या बंदरावर आहे, ओहोटीच्या चिखलात एका कुशीवर कललेली, आणि एवढ्या चिखलातून ती कुठे पळून जाणार कोण जाणे, पण खुंटाला दोरीने बांधलेली. साल चौऱ्याण्णव आहे, वार शुक्रवार आहे, कचेरीला निघायची वेळ आहे, आणि डोंबिवलीत गोमाजीच्या दाराची कडी वाजते आहे.

डोंबिवलीत भाड्याची खोली शुक्रवारी बघू नये. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी असते, वीजही बहुतेक सकाळपासून गेलेली असते, आणि सगळं गाव कसं आजारी माणूस नुकताच झोपल्यासारखं गप्प असतं. गोमाजीने ही खोली शुक्रवारी बघितली होती. तो आला होता कोळीवाड्यातून, आणि कोळीवाड्यात शेजारी बसलेल्याशीसुद्धा पलीकडच्या होडीत उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. तिथे कुजबुज हा प्रकार नव्हता. फारच गुपित असलं तर माणसं ते खाडीत जाऊन सांगत, आणि मग ते पलीकडच्या काठाला, कळव्याला ऐकू जाई. त्याची आई भागीरथी त्याला जेवायला हाक मारी तेव्हा आळीतली आणखी काही पोरं ताटावर बसत. त्या आवाजात गोमाजी वाढला, शिकला, सरकारी कचेरीच्या टपाल विभागात चिकटला, आणि आई गेल्यावर त्या घरात अचानक जे पडलं त्याला शांतता म्हणावं की आणखी काही हे न कळून तो घराबाहेर पडला. घरमालकाने खोलीचं दार उघडलं. आत एक खिडकी होती आणि खिडकीत काहीही ऐकू येत नव्हतं. गोमाजीने तिथल्या तिथे डिपॉझिट दिलं. शनिवारी सकाळी खोलीची जमीन थरथरायला लागली, पाण्याचा तांब्या आपण होऊन मोरीकडे सरकला, आणि खालून घर्र असा जो आवाज उठला तो दिवेलागणीपर्यंत बसला नाही. खोलीच्या बरोबर खाली पिठाची गिरणी होती. घरमालक दुखावला. म्हणाला, दळणाची सोय अगदी पायाशी आहे हे मी तुम्हाला सांगितलं होतं की.

तेव्हापासून तो गिरणीवर राहत होता. गव्हाला एक आवाज असतो, ज्वारीला दुसरा, डाळीला तिसरा, हे त्याला झोपेतही कळायला लागलं होतं. माणसाला सवय होते म्हणतात. त्याला सवय झाली नाही, त्याला गिरणी झाली. एका शुक्रवारी तो जागा झाला, वीज गेलेली, खाली कुलूप, रस्त्यावर कावळासुद्धा नाही, आणि घर्र चालूच. त्याने खाली वाकून जमिनीला हात लावला. जमीन स्थिर होती. मग त्याने कानात बोटं घातली, तर आवाज उलट जवळ आला. गिरणी खालून निघून वर राहायला आली होती, बिनभाड्याने. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर कुणीतरी लागतं, आणि ते वाण्याकडे मिळत नाही.

तर दाराची कडी वाजली आणि दारात बाप होता. दामाजी डोंबिवलीला कधीच आला नव्हता. भागीरथी गेल्यापासून तो फारसा कुठेच गेला नव्हता, आणि बोलणंही त्याने असं सोडलं होतं की तंबाखूचं व्यसन सुटल्यासारखं लोकांनी त्याचं कौतुक केलं. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं सुकट होतं. त्याने ते पुढे केलं, खाटेवर बसायला नकार दिला, उंबऱ्याजवळ उकिडवा बसला, खोलीभर नजर फिरवली, आणि मग खाडीवर बोलायच्या त्याच्या आवाजात, जो गोमाजीने आई गेल्यापासून ऐकला नव्हता, म्हणाला, “खारीन धोमा बोलतंय.”

शुक्रवार होता. समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या.

खार म्हणजे खाडी, आणि धोमा हा काही मोठा मासा नव्हे. पाहुण्याला वाढावा असाही नव्हे. पण त्याला एक खोड आहे, तो पाण्याखाली बोलतो. पोटातल्या फुग्यावर काहीतरी घासल्यासारखा टर्र टर्र असा आवाज करतो, थव्याने असला तर एकसारखा. दामाजीच्या घरात जाळं डोळ्यांनी टाकत नसत, कानाने टाकत. वल्ह्याचं पातं पाण्यात उभं सोडायचं, मुठीचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं, दुसऱ्या कानात बोट घालायचं, आणि श्वास धरायचा. लाकडातून खाडी वर चढते. मात्र एका कानावर जाळं टाकायचं नाही, हा नियम. पहिला कान ऐकतो, दुसरा साक्ष देतो. दोघांनी माना हलवल्या तरच जाळं पाण्यात. बाप-आजाच्या वेळी दुसरा कान भावाचा असे. दामाजीला भाऊ नव्हता, एक बहीण होती मनुबाई, आणि तिचं लक्ष ऐकण्यापेक्षा सांगण्याकडे. बाईमाणूस जाळ्याच्या होडीत बसत नाही असं सगळे म्हणत, आणि भागीरथी बसे. गोमाजी लहान असताना कधीतरी त्यांच्याबरोबर गेला होता. त्याच्या लक्षात राहिलं होतं ते मासे नव्हे. लक्षात राहिला तो क्षण, बाप वल्हं आईच्या हातात देतो, आई पदर खोचते, डोळे मिटते, डोकं मुठीवर टेकवते, आणि जिच्या हाकेने आळी जेवायला बसे ती बाई पूर्ण गप्प होते. पाणी होडीला हळूहळू चाटत राहतं. बाप तिच्या तोंडाकडे बघत असतो. मग ती डोळे न उघडताच मान हलवते, हो. पुढे खाडीचं पाणी वार बदलावा तसा रंग बदलू लागलं, धोमा गेला, होड्या चिखलात बसल्या, आणि तरीसुद्धा ती दोघं जात राहिली, कधी रिकामी तर कधी मूठभर घेऊन परतत राहिली, तिला जाववेनासं झालं तोवर.

आता दामाजीचं म्हणणं असं की नारळी पौर्णिमेपासून धोमा परत बोलतोय. तो एकटाच होडी घेऊन जातो, ऐकतो, आणि जाळं न टाकता परत येतो, कारण दुसरा कान नाही. म्हाताऱ्यांना विचारावं तर त्यांना धोमा सोडा, सासऱ्याची शिवीही ऐकू येत नाही. पोरं हसतात. आणि मनुबाईने होडीला गिऱ्हाईक आणलंय, माजिवड्याचं कुठलं तरी हॉटेल, त्यांना जुनीच पाहिजे, जितकी कुजकी तितकी बरी म्हणतात. मनुबाई वाईट नव्हती. ती ठाण्याच्या मार्केटात मासळी विकत असे आणि सडलेल्या गोष्टी वेळेवर काढून टाकाव्यात हा तिचा धंद्यातला अनुभव होता. तिने भावाला सांगितलं होतं, गोमाला ने, तो शिकलेला आहे, खोटं बोलणार नाही. तो म्हणाला खारीत मासा आहे, तर मी परत होडीचं नाव काढणार नाही, आणि नाही म्हणाला तर हॉटेलवाल्याला दोरी सोडून द्यायची. दामाजीने कबूल केलं होतं. “आयतवारी ये,” तो म्हणाला, गोमाजीने येतो म्हटल्यावर उठला. जाता जाता त्याने कोपऱ्यातल्या कुंच्याचा दांडा उचलून उगाच कानाला लावून पाहिला, जागेवर ठेवला, आणि जिना उतरून गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी संध्याकाळी गोमाजीला विचारलं की तुमच्या वडिलांचा तो कुठल्या खारीतला कोण बोलतोय.

येतो म्हणून तर बसलो, पण जायचं कुठला कान घेऊन, हा प्रश्न गोमाजीसमोर कचेरीत पोचायच्या आतच उभा राहिला. साक्षीदाराच्या डोक्यात गिरणी होती. बापाला हे सांगायचं तर त्याने विचारलं असतं, कधीपासून, आणि मग उत्तर द्यावं लागलं असतं, तुमच्या घरातून निघाल्यापासून. शिवाय खाडी ती राहिली नव्हती. एका अंगाला रेल्वेचा पूल, दुसऱ्या अंगाला गाड्यांचा, मध्ये रेती उपसणारे पंप. बोट घालून ते थांबण्यासारखं नव्हतं. गोमाजी टपाल विभागात होता. कुठलंही काम योग्य साधनसामग्रीअभावी प्रलंबित राहतं आणि साधनसामग्री आली की मार्गी लागतं, ही तिथली श्रद्धा. तेव्हा बाहेरचा आवाज बंद करील असं काहीतरी कानाला लावायला आणायचं, असं त्याने ठरवलं आणि तो त्या ठरवण्यानेच थोडा बरा झाला.

कचेरीत अशा बाबतीत जाणकार एकच होता, टिटवाळ्याचा त्र्यंबक. त्र्यंबकच्या कानात सकाळी हजेरीपासून सुटेपर्यंत इयरफोन असत, काळी वायर मानेवरून खाली उतरून शर्टाच्या खिशात जाई, आणि तो सेवापुस्तकं लिहिताना मान अशी डोलवी की साहेबसुद्धा त्याला हाक मारायचे सोडून चिठ्ठी पाठवत. गोमाजीने त्याच्या खांद्याला हात लावला. त्र्यंबकने एक कान मोकळा केला. गोमाजीने विचारलं, याच्यातून बाहेरचं किती ऐकू येतं. “सगळं,” त्र्यंबक म्हणाला. मग वॉकमन कुठल्या कंपनीचा, असं विचारल्यावर त्याने आजूबाजूला बघितलं आणि खिशातून वायरचं दुसरं टोक बाहेर काढून दाखवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. खिशात रुमाल होता. “अरे वॉकमन दिवा स्टेशनला गाडीत चढताना कुणीतरी मारला,” तो म्हणाला, “वायर राहिली. म्हटलं फेकायची कशाला. घातली तर त्या दिवशी कुणी काही काम सांगितलं नाही. मग रोज घालायला लागलो.” बरंय की, गोमाजी म्हणाला. त्र्यंबक थोडा वेळ वायरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. “बरंच होतं रे,” तो म्हणाला. “मध्ये गंमत म्हणून आठवडाभर काढून बसलेलो. तर कुणी बोलेचना. सवय गेली लोकांची.” मग त्याने इयरफोन परत कानात घातला आणि मान डोलवायला सुरुवात केली, आणि गोमाजी जागेवर येऊन बसला. त्याच्या टेबलावर आलेल्या अर्जांचा गठ्ठा होता. अर्ज सगळे सारखेच सुरू होत, विषय अमुक, संदर्भ तमुक, आणि शेवटी विनंती, की नळ यावा, की दिवा लागावा, की मयत नवऱ्याचं नाव कमी करावं. गोमाजी त्यांच्यावर शिक्का मारून पुढे पाठवी. पुढे म्हणजे कुठे, हे त्याने नोकरीला लागल्यावर एकदा विचारलं होतं. पुढे म्हणजे पुढे, असं त्याला सांगण्यात आलं.

शनिवारी तो कल्याणला गेला. गल्लीत आत शिरून एक अरुंद दुकान होतं, रेडिओ, टेप, सेल, वायरी, आणि गल्ल्यावर केशरबाई नावाची चष्मा लावलेली बाई, जिचा नवरा रेडिओ दुरुस्त करता करता गेला होता आणि अर्धा उघडलेला एक रेडिओ अजून तसाच काचेच्या कपाटात होता. गोमाजीने सांगितलं, बाहेरचा आवाज अजिबात नको. केशरबाई म्हणाल्या, सगळ्यांना तेच हवं असतं, पण डोकं एकेकाचं वेगळं असतं, घालून बघा. आणि त्यांची पद्धत अशी की गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तू लावायची, समोर उभं राहून नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलायचं, आणि काय बोलले म्हणून विचारायचं. पहिले लावले ते स्पंजचे, लोखंडी पट्टीचे. केशरबाई म्हणाल्या, आज उकाडा फार आहे. गोमाजी म्हणाला, हो ना. “मग हे नकोत,” त्यांनी काढून घेतले. दुसरे शेंगदाण्याएवढे, कानात रुतणारे. ते घालून त्याने हनुवटी हलवली की एक पडे. तिसरे मोठे, रेक्झिनच्या गाद्यांचे, आकाशवाणीत निवेदक लावतात तसले. त्यांतून जग पाण्यात बुडाल्यासारखं झालं, पण केशरबाई म्हणाल्या की उद्या पाणी येणार नाही, ते त्याला कळलंच, आणि डोंबिवलीला पण का, असं त्याने विचारलंही. केशरबाईंनी मग मागच्या फळीवरून धूळ झटकून एक वस्तू खाली घेतली. दोन पिवळ्या वाट्या, मध्ये जाड पट्टी. कारखान्यात प्रेसवर काम करणारे लावतात, त्या म्हणाल्या. गोमाजीने उलटसुलट करून बघितलं.

“याला वायर कुठेय?”

“वायर नाही.”

“मग यातून ऐकू काय येतं?”

“काहीच नाही,” केशरबाई म्हणाल्या. “तुम्हाला तेच पाहिजे ना?”

वाट्या कानावर बसल्या आणि गल्ली गेली. रिक्षावाले गेले, समोरच्या दुकानातली कॅसेट गेली, पंखा फिरत राहिला पण तो कुणाच्या तरी आठवणीतला पंखा असल्यासारखा. गोमाजीला स्वतःचा आवंढा ऐकू आला. मग हृदय, कुणीतरी लांब घरात कपडे धोपटत असावं तसं. मग, सगळं बसल्यावर, सावकाश, घर्र. गव्हाचं. म्हणजे जे विकत घेऊन बंद करायचं होतं ते आतच राहिलं होतं आणि बाहेरच्या आवाजांची जी काही सोबत होती तेवढी काढून दिली होती. त्याला एकदम आईचं दुखणं आठवलं, हॉस्पिटलात ती शेवटी इतकी हळू बोलायला लागली होती की त्याला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे, आणि कान नेल्यावर तिने विचारलं होतं, जेवलास का. आळीला ऐकू जाणारा प्रश्न एवढासा झाला होता. समोर केशरबाई बोलायला लागल्या होत्या. आधीसारखं एक वाक्य नव्हतं ते; त्या बोलतच होत्या, चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, काचेच्या कपाटाकडे हात केला, थोडं हसल्या, मग हसू गेलं, मग आणखी बोलल्या. गोमाजी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आता वाट्या काढाव्यात की काढू नयेत हे त्याला ठरवता येईना. काढल्या तर बाई गप्प होतील हे मात्र नक्की कळत होतं. शेवटी त्यांनीच हात पुढे करून एक वाटी उचलली.

“काय बोलले?”

“नाही कळलं.”

“मग हेच घ्या,” केशरबाई म्हणाल्या, आणि कागदात बांधायला लागल्या.

रविवारी भरती सकाळची होती. बंदरावर मनुबाई आधीच येऊन उभी होती, टोपलीवर टोपली उपडी ठेवून, आणि तिच्या शेजारी हॉटेलचा माणूस, बूट चिखलात न जावेत म्हणून एका दगडावर, लग्नातल्या फोटोसारखा ताठ. मनुबाईने गोमाजीला वरून खालपर्यंत बघितलं, वाळलास म्हणाली, आणि मग त्याच्या हातातल्या पिवळ्या वाट्यांकडे बघून विचारलं की हे काय, नारळ फोडून आणलास का. आजूबाजूचे हसले. ती त्याच्या जवळ आली आणि तिला जमेल तितक्या खालच्या आवाजात, म्हणजे दगडावरच्या माणसाने मान वळवली एवढ्या, म्हणाली, “गोमा, खरं काय ते सांग. तुझ्या बापसाला खूळ लागलंय. एकला जातंय खारीन. एक दीस परत येवाचा नाय.” हे बोलताना तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.  म्हटलं तर तिचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाशी बोलायला फार कठीण जातं.

दामाजीने होडी ढकलली. बाप वल्हं मारत होता आणि मुलगा समोर बसून होता, आणि दोघांत बोलणं नव्हतं. पण हे न बोलणं घरातल्यासारखं नव्हतं, याला हातापायांचं काम होतं. कांदळवनाच्या कडेने ते आत गेले. होडीच्या काठावर एके ठिकाणी लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथे आई हात ठेवत असे. गोमाजीचा हात आपोआप तिथे गेला आणि त्याने तो काढून घेतला, मग परत ठेवला. पुलावरून काहीतरी जड गेलं. पंपांची धाप लांबून येत होती. एका जागी दामाजीने होडी थांबवली. ती जागा इतर पाण्यासारखीच होती. त्याने वल्हं उभं सोडलं, डोकं मुठीला टेकवलं, कानात बोट घातलं, आणि त्याचं सगळं तोंड कुणीतरी दिवा लावल्यासारखं आतून उजळलं. मग त्याने वल्ह्याची मूठ मुलाकडे कलती केली.

गोमाजीने वाट्या चढवल्या. लगेच अडचण ध्यानात आली; दोन्ही कान झाकल्यावर वल्हं लावायचं कुठे. ह्या मुद्द्याचा विचार साधनसामग्री घेताना झालेला नव्हता. दामाजीने क्षणभर बघितलं, पुढे झुकून एका बाजूची वाटी वर सरकवली, तिथे मूठ टेकवली आणि मुलाचं डोकं हाताने थोडं कलतं केलं, लहानपणी केस कापायला बसवताना करी तसं. आता एका कानात काहीच नव्हतं आणि दुसऱ्यात खाडी होती. गोमाजीने डोळे मिटले. लाकडातून पंप आले. पूल आला, त्याचे खांब पाण्यात गुरगुरतात हे त्याला आजच कळलं. होडीच्या बुडाखाली पाण्याचं चुबुकचुबुक. आणि मग या सगळ्यामागे घर्र. ते त्याचं होतं, ते त्याने बाजूला ठेवलं, कचेरीत अपूर्ण अर्ज ठेवतात तसं. मग आणखी आत. तो इतका प्रामाणिकपणे ऐकत होता की त्याचे पाय बधिर झाले. आयुष्यात कुणाचं त्याने इतकं ऐकलं नव्हतं. खाली चिखल होता, चिखलावर पाणी होतं, पाण्यात पंप होते. धोमा नव्हता.

त्याने डोळे उघडले. दामाजी त्याच्या तोंडाकडे बघत होता, तसाच, जसा पूर्वी बघायचा. गोमाजीने वेळ काढण्यासाठी वाट्या उतरवल्या. बापाने त्या हातात घेतल्या, दाबून बघितल्या, आणि गंमत म्हणून स्वतःच्या डोक्यावर चढवल्या. पांढऱ्या केसांवर पिवळ्या वाट्या. तो वेगळाच दिसायला लागला, कुठल्यातरी कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसासारखा. त्याने मान थोडी वाकडी केली आणि हसला. आणि भरतीवर, कांदळवनातले बगळे उडतील एवढ्या मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, म्हणाला, “आजून बोलतंय.”

वल्हं पाण्यात नव्हतं. ते होडीत आडवं पडलं होतं, त्याच्या गुडघ्यांवर, आणि पात्याचं पाणी निथळून फळीवर सांडत होतं.

गोमाजीने वल्ह्याकडे बघितलं. बापाने मुलाच्या डोळ्यांकडे बघितलं, मग डोळे जिथे होते तिथे, वल्ह्याकडे. हात पात्यावरून फिरवला. बराच वेळ त्याने वाट्या काढल्या नाहीत. गोमाजीला वाटलं आता सांगावं, की बाबा, माझ्यापण डोक्यात गिरणी आहे, शुक्रवारीसुद्धा असते, तुमचा धोमा तरी बरा. आणि हे वाक्य त्याच्या तोंडात पूर्ण तयारही झालं. तेवढ्यात दामाजीने वाट्या उतरवून मांडीवर ठेवल्या, आणि काही झालंच नसल्यासारखं, नियमाप्रमाणे, विचारलं.

“तुना आयकू आला?”

साक्षीदाराने खरं सांगायचं असतं. तो शिकलेला होता, काठावर आत्या उभी होती, बाप एकटा खाडीत जात होता, हे सगळं खरं होतं. त्याने तीन दिवस एवढी धडपड केली होती ती नीट ऐकू यावं म्हणून, आणि त्याला नीट ऐकू आलं होतं.

“नाही,” गोमाजी म्हणाला.

दामाजीने मान डोलवली. रागावला नाही. वल्हं उचललं, होडीचं तोंड बंदराकडे वळवलं, आणि वल्हवायला लागला. कांदळवन संपलं, काठावर मनुबाईची टोपली दिसायला लागली, दगडावरचा माणूस दिसायला लागला. तेव्हा तो म्हणाला, अगदी हळू, या घरात कुणाला येत नाही अशा कुजबुजीच्या आवाजात, “तुझे आयशीला कंदी आयकू आला नाय, गोमा. येकदा बी नाय. ती हो बोलायची.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तिचे तोंडाव दिसायचा ना,” दामाजी म्हणाला, आणि दोरी फेकायला उभा राहिला.

आता गोमाजी खोलीत बसलेला आहे. खाली गिरणी चालू आहे, ज्वारी आहे. पिवळ्या वाट्या खिळ्याला टांगल्या आहेत. दामाजी चेंदणीला ओट्यावर बसलेला असतो असं मनुबाई कळवते, एकटा कुठे जात नाही, जेवतो, बोलत नाही. ती हे सगळं समाधानाने कळवते आणि शेवटी उगाचच विचारते की तू कधी येतोस. माजिवड्याच्या त्या हॉटेलवरून बस जाते तेव्हा गोमाजी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो, कारण तिकडे होडी नाही, आणि इकडेही ती नाहीच असं त्याने धरलेलं आहे. कचेरीत काल त्याने एक कोरा कागद घेतला, समास सोडला, आणि दिवसभरात हजारो वेळा वाचलेल्या भाषेत लिहायला बसला. शिक्काही मारला. फक्त वरचा रकाना, प्रति, हा अजून कोरा आहे, कारण पुढे म्हणजे कुठे हे त्याला कधीच सांगितलेलं नाही.

विषय : चेंदणी खाडीत अर्जदाराने दिलेले उत्तर रद्द होणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर उत्तर अर्जदाराने योग्य ती साधनसामग्री वापरून व पूर्ण शुद्धीत दिलेले असून ते वस्तुस्थितीस धरून आहे. तथापि ते चुकीचे आहे. तरी ते पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावे, होडी होती त्या जागी, होती त्या पाण्यावर ठेवण्यात यावी, व श्री. दामाजी नाखवा यांनी अर्जदारास तोच प्रश्न पुन्हा एकवार विचारावा, अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून होण्यास विनंती आहे. त्यासाठी पूल, पंप, गिरणी इत्यादींचे आवाज बंद ठेवण्याची आवश्यकता नाही.